कासेगावला जिंकला, पुरंदरावर हरला: राघोबादादांची आठ महिन्यांचीही नसलेली पेशवाई

आजचा भाग मी करकंबहून रेकॉर्ड करतोय. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चाललेत, त्यामुळे मध्ये मध्ये घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन.

सुरुवात थोडी लांबून करतो. मागे आपण थिबा राजाची गोष्ट केली होती. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं, १८८६ पासून रत्नागिरीत ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथंच वारला. त्या भागानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला: थिबाच्या आधीच्या राजांचं काय? त्यांच्यातही एवढी मारामारी होती का?

होती. वाचायला बसलो आणि सिंगू नावाच्या एका राजापाशी अडकलो. १७७६ मध्ये गादीवर आला, १७८२ मध्ये मारला गेला. सहा वर्षांचा कारभार, आणि त्यातला बराचसा वेळ आपल्याच चुलत्यांना आणि चुलतभावांना भिण्यात गेलेला. वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आपण कुठंतरी ऐकलंय. काका, पुतण्या, वाडा, रात्रीतून पालटलेली सत्ता. मग लक्षात आलं, अहो, हे तर आपल्या दारातलं आहे. नुसतं पुण्यातलं नाही, आपल्या पंढरपूर तालुक्यातलं.

करकंबहून निघालात की वीसेक किलोमीटरवर पंढरपूर. आषाढीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी याच वाटेनं आमच्या गावावरून जाते. पंढरपूर ओलांडून दक्षिणेला आणखी थोडं गेलं की कासेगाव लागतं. मार्च १७७४ मध्ये त्या कासेगावच्या माळावर मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकांशी लढल्या. एका बाजूला पेशवा, आणि दुसऱ्या बाजूला पेशव्याचेच कारभारी. त्या दिवशी पेशवा जिंकला. आणि महिन्याभरात त्याची पेशवाई संपल्यात जमा झाली.

हा पेशवा म्हणजे रघुनाथराव, आपले राघोबादादा. जिंकूनही माणूस हरतो कसा, हेच आज बघायचंय.

तर आधी घरातली नाती नीट मांडून घेऊ, नाहीतर पुढं गोंधळ होतो. थोरल्या बाजीरावांचा मोठा मुलगा नानासाहेब, आणि धाकट्यांपैकी एक रघुनाथराव. नानासाहेबांना तीन मुलं: विश्वासराव, माधवराव, नारायणराव. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब वारले. गादी कुणाला? सोळा वर्षांच्या माधवरावांना. आणि दादा त्या वेळी किती वर्षांचे? सव्वीस-सत्तावीस. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत जाऊन आलेले. लोक त्यांना राघोभरारी म्हणायचे. उत्तरेच्या मोहिमांतून हा माणूस नाव घेऊन आला आणि कर्जही घेऊन आला, हे विसरू नका. पुढं उपयोगी पडेल.

आता तुम्हीच सांगा, अनुभवी चुलता घरात असताना सोळा वर्षांचा पुतण्या मालक झाला तर काय होतं? जे गावोगाव होतं तेच झालं. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्या समोरासमोर आले. पुतण्यानं घरात फूट नको म्हणून माघार घेतली आणि काकांच्या स्वाधीन झाला. पुढं माधवरावांनी हळूहळू कारभार हातात घेतला. मग दादांनी राज्याची वाटणी मागितली. होय, वाटणी. आपण शेताची मागतो तशी. माधवरावांचं म्हणणं, दौलत वाटता येत नाही. शेवटी जून १७६८ मध्ये नाशिकच्या बाजूला धोडप किल्ल्यापाशी दादा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन बसले.

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयानं गेले. जाण्याआधी त्यांनी काकांशी समेट केला आणि धाकट्या भावाला, नारायणरावाला, काकांच्या ओटीत घातलं. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचे. पेशवाईची वस्त्रं त्यांना मिळाली, आणि काही महिन्यांतच काका पुन्हा वाड्यात कैदेत.

पुढची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. पगार थकल्याचा आरडाओरडा करत गारदी शनिवारवाड्यात घुसले. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. तिथंच त्यांना मारलं. वाचवायला आडवा पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं म्हणतात. ‘ध’चा ‘मा’ तर मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. आनंदीबाईंवर सगळा दोष टाकणारी ही गोष्ट किती खरी, यावर वाद होत राहतील. पण कट दादांच्या बाजूनं झाला होता, एवढं त्या काळच्या न्यायाधीशानंच ठरवलं.

ते न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, दादांना दोषी धरलं, आणि अशा कारभारात राहायचं नाही म्हणून पुणं सोडलं. लक्षात घ्या मंडळी, त्या दिवशी वाडा दादांच्या हातात होता, गारदी दादांच्या हातात होते. रामशास्त्र्यांकडं काय होतं? त्यांनी फक्त आपलं बस्तान उचललं. पण दादांच्या हातून निसटलेली ती पहिली गोष्ट. फौजफाटा तसाच होता, मात्र ‘हा राजा न्यायाचा आहे’ असं म्हणणारं माणूस गेलं.

ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं आली. आणि राघोबादादा रीतसर पेशवे झाले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बारा वर्षं वाट बघून.

आता इथं थांबून ब्रह्मदेशाकडं एक चक्कर मारू, कारण दोन्हीकडचे सांधे इथं जुळतात. तिकडं अलौंगपाया नावाच्या राजानं १७५२ मध्ये नवं घराणं उभं केलं आणि १७६० मध्ये सयामच्या मोहिमेवरून परतताना तो वारला. म्हणजे आपल्या नानासाहेबांच्या वर्षभर आधी. मरताना त्यानं इच्छा सांगितली: माझ्या मुलांनी एकामागून एक गादीवर यावं. थोरला, मग त्याच्या पाठचा, मग त्याच्या पाठचा. म्हणजे भावाकडून भावाकडं. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण प्रत्येक भावाला मुलं होणार, आणि प्रत्येक बापाला वाटणार की माझ्यामागं माझा मुलगा. थोरला तीनच वर्षं टिकला. दुसरा सिनब्यूशिन मोठा पराक्रमी, १७६७ मध्ये त्याच्या फौजांनी सयामची राजधानी अयुथ्या जाळली, चीनच्या स्वाऱ्या परतवल्या. पण मरताना त्यानं बापाची इच्छा बाजूला सारली आणि गादी भावाऐवजी मुलाला दिली. तो मुलगा म्हणजे सिंगू.

झालं. जिवंत असलेले चुलते म्हणाले, आमचा हक्क. वारलेल्या थोरल्या चुलत्याचा मुलगा म्हणाला, माझा हक्क. सिंगूनं एका चुलत्याला मारलं, बाकीच्यांना दूर ठेवलं. युद्धं थांबवली, सैन्य घरी पाठवलं, रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याला प्रचंड घंटा दिली. ती घंटा आजही तिथं आहे. पण फेब्रुवारी १७८२ मध्ये तो देवदर्शनाला राजधानीबाहेर गेला असताना चुलतभाऊ फाउंगकानं रात्री राजवाडा ताब्यात घेतला. फाउंगका किती दिवस राजा होता? सात दिवस! आठवडाभरात बोदोपया या चुलत्यानं त्याला उडवलं. सिंगू परतला, त्यालाही मारलं. आणि या चुलत्यानं पुढं १८१९ पर्यंत, सदतीस वर्षं राज्य केलं.

म्हणजे तिकडं चुलता जिंकला आणि टिकला. इकडं चुलता जिंकला, पण टिकला नाही. का?

माझं उत्तर असं आहे. तिकडच्या या भांडणात ज्याच्या हातात राजवाडा, तो राजा. वाडा घेतला की राज्य आलं. दादांनाही बहुतेक असंच वाटलं असणार. पण १७७३ चं मराठी राज्य शनिवारवाड्यात मावत नव्हतं. वस्त्रं साताऱ्याहून यायची. फौज सरदारांची, आणि सरदार आपापल्या सरंजामावर. पैसा सावकारांचा, तोही पत बघून मिळणार. आणि हिशेब, पत्रव्यवहार, कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, हे सगळं कारभाऱ्यांच्या दप्तरात आणि डोक्यात. गारद्यांच्या तलवारीनं वाडा मिळतो. यातलं दुसरं काहीच मिळत नाही.

दादांनी काय केलं? पेशवे होताच मोहिमेवर निघाले. निजामाशी लढायला, मग कर्नाटकात हैदरकडं. एक तर पुण्यात बसणं जड जात असणार. दुसरं, फौजेला पगार हवा आणि पगारासाठी खंडणी हवी. निजामाशी १७७३ च्या अखेरीस तह झाला, त्यातही दादांनी हातात आलेला मुलूख उदारपणानं सोडून दिला असं इतिहासकार सांगतात. लढाईत वाघ, हिशेबात कच्चे. माणूस बदलत नाही.

आणि मोहीम चालू असतानाच छावणी विरघळायला लागली. कुणी दुखणं काढलं, कुणी घरचं काम काढलं, कुणी वसुलीचं निमित्त केलं. एकेक कारभारी निरोप घेऊन पुण्याला परतला. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे. यातले सखारामबापू तर दादांच्या जुन्या विश्वासातले. भांडण नाही, आवाज नाही. उद्या येतो म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, एवढंच. या मंडळींना पुढं बारभाई म्हणायला लागले. आज आपण ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशा अर्थानं म्हणतो. पण १७७४ च्या त्या पहिल्या महिन्यांत बारभाईंचा कारभार घड्याळासारखा चालला होता.

कारण त्यांच्याकडं एक गोष्ट होती जी दादांना माहीत असूनही रोखता आली नाही. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होती. जानेवारी १७७४ मध्ये बापू आणि नानांनी गंगाबाईंना पुण्यातून हलवून पुरंदर किल्ल्यावर नेलं आणि त्यांच्या नावानं कारभार सुरू केला. म्हणजे बघा, अख्ख्या राज्याचा हक्क एका पालखीत बसून गडावर गेला आणि पेशवे सरकार तिकडं दूर मुलुखात लढत बसलेले.

दादांना बातमी लागली. हैदरशी कसंबसं मिटवून ते पुण्याकडं वळले. वाट अडवायला बारभाईंनी त्रिंबकराव पेठ्यांना पाठवलं. पेशव्यांच्या घरी नात्यानं मामा लागणारे, म्हणून सगळेच त्यांना त्रिंबकराव मामा म्हणत. साधा माणूस नव्हे. तीनच वर्षांपूर्वी, मार्च १७७१ मध्ये, श्रीरंगपट्टणजवळ मोती तलावावर त्यांनी हैदरचा दणदणीत पराभव केला होता. पाठीमागून हरिपंत फडके, नागपूरकर साबाजी भोसले आणि निजामाची फौज येणार होती. दोघांच्या मध्ये दादांना चेपायचं, असा बेत.

पण दादा शेवटी राघोभरारी. त्यांनी दुसऱ्यांची वाट न बघता मामांनाच गाठलं. कासेगावला. मामा जबर जखमी होऊन पकडले गेले आणि त्याच जखमांनी गेले. त्यांची फौज उधळली.

मी त्या बाजूनं कैक वेळा गेलोय. लग्नाला, बाजाराला, नात्यात कुणी गेलं तर मातीला. काळी जमीन, बोरीबाभळी, आता द्राक्षं आणि डाळिंबं. तिथून जाताना मला एकच विचार येतो. त्या दिवशी दोन्ही बाजूंना मेलेली माणसं एकाच विठोबाला मानणारी होती. मंदिर तर तिथून हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडच्यांना पगार एकाच दौलतीतून मिळायचा. परक्याशी लढून मेलं तर निदान घरी सांगायला काही राहतं. इथं काय सांगायचं? मालकाच्या चुलत्या-पुतण्यांत वाटणी नीट झाली नाही, म्हणून तुमचा बाप गेला?

असो. कासेगावची बातमी पुण्याला पोचली तेव्हा घबराट उडाली. दादा आता थेट पुण्यावर येणार! पण दादा आले नाहीत. पैसा नाही, पाठीवर हरिपंत आणि साबाजी, आणि सोबतची माणसं उद्या कुणाची असतील याचा भरवसा नाही. जिंकलेला पेशवा आपल्या राजधानीत जायच्या ऐवजी उत्तरेला बऱ्हाणपूरच्या वाटेला लागला.

आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावानं साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. ज्या छत्रपतींच्या दरबारातून दादांना वस्त्रं मिळाली होती, तिथूनच. ऑक्टोबर ते मे, आठ महिनेसुद्धा भरले नाहीत. लाहोरपर्यंत गेलेल्या सेनापतीला हरवलं कुणी, तर ज्याला अजून मान धरता येत नव्हती अशा पोरानं.

इथंच गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण भाऊबंदकीत हरलेला माणूस गप्प बसत नाही. तो वकिलाकडं जातो. दादा इंग्रजांकडं गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. तुम्ही मला पुण्याच्या गादीवर बसवा, मी तुम्हाला साष्टी आणि वसई देतो. वसई! जी त्यांच्याच चुलत्यानं, चिमाजीअप्पांनी, १७३९ मध्ये केवढी माणसं खर्ची घालून पोर्तुगीजांकडून घेतली होती. त्यातून इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध पेटलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले, पण युद्ध लांबत गेलं. मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहानं ते मिटलं. म्हणजे तिकडं सिंगूचा निकाल लागला त्याच वर्षी, तीन महिन्यांच्या अंतरानं. साष्टी इंग्रजांकडंच राहिली. दादांना महिन्याला २५,००० रुपये नेमणूक ठरली. ते गोदावरीकाठी कोपरगावला जाऊन राहिले आणि १७८३ मध्ये तिथंच वारले.

तुम्ही म्हणाल, मग बारभाई चांगले आणि दादा वाईट, एवढंच ना? नाही हो. बारभाईंनी राज्य वाचवलं हे खरं, पण राज्य चालवायला मालक मोठा नसला तरी चालतो, उलट लहान असला तर बरंच, हेही त्याच वर्षी सगळ्यांना कळलं. ती सवय पुढं महागात पडली. आणि दादांकडंही त्यांच्या बाजूनं बघा. घरातला सगळ्यात वडील पुरुष, नावाजलेला लढवय्या, आणि बारा वर्षांत त्याला कुणीही स्पष्ट सांगितलं नाही की तुझा हक्क नेमका किती. कधी मांडीला मांडी लावून बसवायचं, कधी कोठडीत टाकायचं. ब्रह्मदेशात एक नियम सांगितला आणि तो पाळला नाही. आपल्याकडं नियमच धड सांगितला नाही. दोन्हीकडं शेवटी निकाल खुनानं लागला. पुतण्याच्या खुनाचं समर्थन कशानंच होत नाही. पण तो खून एका रात्रीत शिजला नव्हता.

आमच्याही भावकीत एका बांधावरून चुलत्या-पुतण्यांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बांध किती? दोन हात. आजोबांनी तोंडी वाटणी केली, कागद केला नाही. ज्याच्या त्याच्या आठवणीतला बांध वेगळा. दोघंही आपापल्या जागी खरे. शेवटी मोजणी आणली, खुणा रोवल्या, आणि आता लग्नकार्यात एका पंगतीला बसतात. मी काही पेशव्यांशी तुलना करत नाही, पण तो मोजणीचा कागद बघताना मला दरवेळी धोडप आणि आळेगाव आठवतं.

जाता जाता एक गोष्ट, करकंबकरांसाठी खास. दादा इंग्रजांच्या वाटेला लागले होते तेव्हा, जानेवारी १७७५ मध्ये, धारला आनंदीबाईंना मुलगा झाला. तोच दुसरा बाजीराव. १८०२ च्या शेवटच्या दिवशी त्यानंही बापासारखाच इंग्रजांशी तह केला, आणि कुठं? वसईलाच. पंधरा वर्षांनी तेच इंग्रज त्याच्या पाठलागावर होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात आष्टीला त्याचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. बाजीराव निसटला, जूनमध्ये शरण आला आणि गंगेकाठी बिठूरला पेन्शनीवर गेला. सिंगूच्या घराण्यातला थिबा समुद्रकाठी रत्नागिरीला आला, आपला पेशवा गंगेकाठी गेला.

करकंबच्या एका अंगाला कासेगाव आणि दुसऱ्या अंगाला आष्टी. बाप जिथं जिंकला ते गाव आणि लेकाची पेशवाई जिथं बुडाली ते गाव, दोन्ही एका दिवसात मोटारसायकलवर बघून होतात. पुढच्या वेळी पंढरपूरला आलात तर दर्शन झाल्यावर तासभर काढा आणि कासेगावपर्यंत जाऊन या. सोबत चुलता किंवा पुतण्या असेल तर आणखी चांगलं.

तर मंडळी, आज इथंच थांबू. पुढच्या भागात आष्टीची लढाई सविस्तर घेऊ. तोवर काळजी घ्या. राम राम.